थायरॉइड ‘नॉर्मल’, मग थकवा कसला?

पहाटे साडेपाचला गजर होतो. उशाशी ठेवलेली थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली जाते. दहा मिनिटांत चहा, मग मुलांचे डबे, शाळेची बस, स्वतःचे कार्यालय. अकराच्या सुमारास टेबलावर डोके टेकवावेसे वाटते. संध्याकाळी जिना चढताना मध्येच थांबावे लागते. केस विंचरले की कंगव्यात पुंजका येतो. तीन महिन्यांनी टीएसएच तपासला, तर आकडा अगदी मर्यादेत. डॉक्टर म्हणतात, ‘थायरॉइड नॉर्मल आहे, काळजी करू नका.’ घरचे म्हणतात, ‘रिपोर्ट तर चांगला आलाय, मग आता काय झालं?’ हळूहळू त्या बाईंनाही वाटू लागते की आपणच उगाच कुरकुर करतो.

असे चित्र कोणत्याही गावातल्या दवाखान्यात दिसेल. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेल्या बहुतेक रुग्णांना गोळी सुरू केल्यावर बरे वाटते, यात शंका नाही. पण आकडा सुधारूनही ज्यांचा थकवा जात नाही, असा एक गट उरतोच. या गटाच्या वाट्याला सहसा दोनपैकी एक उत्तर येते. एक तर गोळीचा डोस वाढवला जातो किंवा ‘ताण घेऊ नका’ असे सांगून बोळवण केली जाते. तिसरी शक्यता मात्र अनेकदा तपासलीच जात नाही. शरीरात लोह आहे का? बी-१२ पुरेसे आहे का? ही कमतरता थायरॉइडच्या आजाराच्या आडोशाला वर्षानुवर्षे दडून राहू शकते, कारण तिची लक्षणे आणि थायरॉइडची लक्षणे जवळपास एकसारखी असतात. थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे, विसराळूपणा, धाप लागणे, कशातच मन न लागणे. यातले कोणते लक्षण कोणाचे, हे नुसते बघून कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी तपासणीच हवी.

दोन मोठे आजार, एकच घर

आपल्याकडे ही गल्लत जास्त होण्याचे एक साधे कारण आहे. दोन्ही गोष्टी मुळातच खूप आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉइड कमी काम करत असल्याचे दिसले. स्त्रियांमधले प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. दुसरीकडे, २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्के होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ४८ टक्के होता, म्हणजे मधल्या काळात तो वाढलाच. रक्तक्षयाचे एकमेव कारण लोहाची कमतरता नसते, पण सर्वांत मोठे कारण तेच मानले जाते.

ज्या समाजात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, त्या समाजात थायरॉइडची रुग्ण असलेली स्त्री आपोआप त्यातून सुटणार नाही. उलट तिच्याकडे लोह कमी होण्याची जास्तीची कारणे असतात. थायरॉइड संप्रेरक कमी पडले की अनेकींना मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होतो. तो वर्षानुवर्षे ‘पाळी आहे, चालायचंच’ म्हणून अंगावर काढला जातो. जठरातले आम्ल कमी झाल्याने अन्नातल्या लोहाचे शोषण घटू शकते. संप्रेरक कमी असले की अस्थिमज्जेत लाल रक्तपेशी बनण्याचा वेगही मंदावतो.

नाते उलट्या दिशेनेही चालते. थायरॉइड संप्रेरक तयार करण्याच्या कामात थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाचे विकर लागते, आणि त्या विकराच्या गाभ्यात लोह असते. लोहाचा साठा आटला की हे काम अडखळते. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशात गलगंड झालेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून ही गोष्ट स्पष्ट झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्व मुलांना आयोडीनयुक्त मीठ मिळत होते. त्यातल्या लोह कमी असलेल्या मुलांपैकी काहींना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काहींना लोह नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या. ज्यांना लोह मिळाले त्यांचा गलगंड अधिक ओसरला. मीठ दोन्ही गटांत होते, फरक लोहाने पडला.

मीठ सुटले, बाकीचे राहिले

थायरॉइड म्हटले की आजही अनेकांना फक्त आयोडीन आठवते. त्याला इतिहास आहे. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. मिठात आयोडीन घातले की गलगंड कमी होतो, हे तिथे दिसले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक घरांत आयोडीनयुक्त मीठ पोहोचले आहे. सार्वजनिक आरोग्यातले हे मोठे यश आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून सगळा स्वयंपाक सैंधव मिठावर नेणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण मिठात आयोडीन असूनही थायरॉइड बिघडते. त्यामागे बहुतेक वेळा शरीराचीच प्रतिकारशक्ती असते. ती ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशी उलटलेली प्रतिकारशक्ती काही वेळा एका अवयवावर थांबत नाही. काही रुग्णांत ती जठराच्या अस्तरातील पेशींवरही चालून जाते. या पेशी आम्ल तयार करतात आणि बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारे एक प्रथिनही तयार करतात. त्या निकामी झाल्या की आहार कितीही चांगला असो, बी-१२ रक्तात पोहोचत नाही. आम्ल घटल्याने लोहाचे शोषणही कमी होते. अशा वेळी थायरॉइड, रक्तक्षय आणि पायाला येणाऱ्या मुंग्या हे तीन वेगळे आजार वाटतात आणि तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत दाखवले जातात. मूळ मात्र एकच असते.

आजार आतला, आहार बाहेरचा. बी-१२ मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते. भाज्या, डाळी, फळे यांतून ते मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणजे ज्यांना खाण्यापिण्याची ददात नाही, त्यांच्याच घरात ही उणीव होती. २००८ मध्ये कराचीच्या एका अभ्यासात थायरॉइड कमी काम करणारे ११६ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. एका रुग्णालयातला हा आकडा जसाच्या तसा महाराष्ट्राला लावता येणार नाही. तरी दहापैकी चार ही शक्यता बाजूला सारण्याइतकी लहान नाही.

दोन चुका मिळून एक ‘नॉर्मल’

मग हे सगळे साध्या रक्ततपासणीत का दिसत नाही? कारण साधी तपासणी फसवी असू शकते. लोह कमी असले की लाल रक्तपेशी लहान होतात. बी-१२ कमी असले की त्या मोठ्या होतात. दोन्ही एकाच वेळी कमी असतील, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी मध्यम येते. अहवालावर पेशींचा आकार ‘नॉर्मल’ छापला जातो. दोन चुकांची बेरीज बरोबर दिसते. पेशींच्या आकारातली तफावत दाखवणारा आकडा त्याच अहवालात शेजारी असतो, पण तिकडे कानाडोळा होतो.

दुसरी फसगत हिमोग्लोबिनची. शरीर आधी साठ्यातले लोह वापरते, आणि साठा रिकामा होत आल्यावर हिमोग्लोबिन घसरते. घरातला डबा रिकामा झाला तरी त्या दिवसाचा स्वयंपाक झालेला असतो, तसेच हे. डबा किती भरलेला आहे हे फेरिटिन ही तपासणी सांगते. हिमोग्लोबिन १२ च्या वर असले तरी फेरिटिन तळाला गेलेले असू शकते आणि थकवा तेव्हाच सुरू झालेला असतो. २०१२ मध्ये फ्रान्समधील एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात हिमोग्लोबिन ठीक पण फेरिटिन कमी असलेल्या आणि थकव्याची तक्रार करणाऱ्या १९८ स्त्रियांना बारा आठवडे लोहाच्या किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या होत्या. लोह घेतलेल्यांचा थकवा जवळपास निम्म्याने कमी झाला. दिखाऊ गोळी घेतलेल्यांचाही कमी झाला, पण २९ टक्क्यांनी. थकव्यात मनाचा वाटा असतो हे दुसऱ्या आकड्यावरून दिसते. तो सगळाच मनाचा नसतो, हे पहिला आकडा दाखवतो.

फेरिटिनलाही मर्यादा आहेत. अंगात संसर्ग किंवा सूज असली की ते खोटे वाढलेले दिसते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली कमतरता मानते, तर अनेक डॉक्टर ३० च्या खालीच उपचाराचा विचार करतात. म्हणून आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच रुग्णाकडे पाहून लावावा. मात्र त्यासाठी आधी तो आकडा समोर हवा.

गोळी गोळीला आडवी येते

या गुंत्यातला सर्वांत सहज सुटणारा आणि सर्वाधिक दुर्लक्षित धागा म्हणजे गोळ्यांच्या वेळा. समजा कमतरता सापडली. लोहाची गोळी लिहून दिली गेली. रुग्ण ती सोयीसाठी सकाळच्या गोळीबरोबरच घेऊ लागला. पोटात लोह आणि थायरॉक्सिन एकमेकांना चिकटतात आणि थायरॉक्सिन पुरेसे शोषले जात नाही. १९९२ मधल्या एका छोट्या पण बोलक्या अभ्यासात १४ रुग्णांना बारा आठवडे दोन्ही गोळ्या एकत्र दिल्या गेल्या. त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला. थायरॉक्सिनचा डोस तोच होता, शोषण मात्र घटले होते. २००० मध्ये कॅल्शियमच्या गोळ्यांबाबतही अशीच बाब समोर आली.

पुढचा प्रवास ठरलेला असतो. टीएसएच वाढला, म्हणून थायरॉक्सिनचा डोस वाढतो. काही महिन्यांनी लोहाने पोट बिघडते म्हणून रुग्ण ती गोळी बंद करतो. आता वाढीव डोस पूर्ण शोषला जातो. छातीत धडधड, घाम, झोप उडणे सुरू होते. डोस दीर्घकाळ जास्त राहिला तर हाडे ठिसूळ होतात, आणि वयस्कर रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी ही गत. यात कोणाचे औषध चुकलेले नसते. दोन गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवा, हे वाक्य सांगायचे राहून गेलेले असते.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत ही चूक सर्वांत महाग पडू शकते. सरकारी कार्यक्रमानुसार तिला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते आणि कॅल्शियमही मिळते. थायरॉइडची रुग्ण असेल तर तिसरी गोळी थायरॉक्सिनची. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज अनेकींमध्ये पाव ते निम्म्याने वाढते. पहिल्या काही महिन्यांत बाळ पूर्णपणे आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि त्याच्या मेंदूची घडण त्यावर चालते. अशा वेळी तिन्ही गोळ्या न्याहारीनंतर एकदम घेतल्या, तर एकीचा दुसरीला अडथळा होतो. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचे नसतात.

वेळापत्रक अवघड नाही. पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर थायरॉक्सिन, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, नाश्ता काही नाही. लोहाची गोळी दुपारी. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. लिंबूपाणी चालेल, ते मदतच करते. बाजारातल्या बहुतेक मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत लोह आणि कॅल्शियम असतेच, त्यामुळे त्यांनाही चार तासांचा नियम लागू. ॲसिडिटीची पातळ औषधे थायरॉक्सिनपासून तशीच दूर ठेवावीत. रोज घेतल्या जाणाऱ्या ॲसिडिटीच्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी, कारण त्या जठरातले आम्ल कमी करून थायरॉक्सिन, लोह आणि बी-१२ या तिघांच्याही शोषणात अडथळा आणू शकतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ घटू शकते. आपल्याकडे मधुमेह, ॲसिडिटी आणि थायरॉइड या तिन्हींच्या गोळ्या एकाच डब्यात असलेले रुग्ण थोडे नाहीत.

गंमत अशी की रुग्ण पथ्य पाळत नाहीत असे नाही. थायरॉइड झाल्याचे कळताच अनेक घरांतून कोबी आणि फ्लॉवर हद्दपार होतात. शिजवलेल्या कोबी-फ्लॉवरने, तेही माफक प्रमाणात, आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसाचे काही बिघडत नाही. बिघडते ते गोळीपाठोपाठ घेतलेल्या वाफाळत्या चहाने, आणि तो मात्र सुटत नाही.

कमतरतेचा बाजार

इथपर्यंत वाचून कोणी औषधाच्या दुकानाकडे निघाला असेल, तर त्याने जरा थांबावे. कमतरतेकडे दुर्लक्ष ही एक चूक, तर कमतरता गृहीत धरून गोळ्यांचा मारा करणे ही दुसरी. ‘थायरॉइड स्पेशल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि डबे या दुसऱ्या चुकीवरच चालतात.

बायोटिनचे उदाहरण घ्यावे. केस गळतात म्हणून ते घेतले जाते. शरीराची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम आहे. केसांसाठीच्या अनेक गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असते, म्हणजे शेकडो पट. हे जास्तीचे बायोटिन प्रयोगशाळेतील काही चाचण्यांत गोंधळ घालते. टीएसएच खोटाच कमी आणि संप्रेरके खोटीच जास्त दिसू शकतात. मग थायरॉइडचा डोस विनाकारण कमी केला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. असे बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ते थांबवावे आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे.

‘ड’ जीवनसत्त्वाचेही तसेच. ते खूप कमी असेल तर स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो, आणि उपचाराने बरे वाटते. हाशिमोतोच्या रुग्णांत ते कमी आढळते, असेही अनेक अभ्यास सांगतात. पण कमी आढळणे आणि आजाराचे कारण असणे यांत अंतर आहे. ‘ड’ जीवनसत्त्व घेतल्याने थायरॉइडची गोळी सुटते, याला भक्कम पुरावा नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची ६० हजार युनिटची पुडी समजुतीच्या घोटाळ्यामुळे रोज घेणारे रुग्ण डॉक्टरांना भेटतात. त्यातून रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, तीव्र अशक्तपणा आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सेलेनियमने प्रतिपिंडांचा आकडा काहींमध्ये कमी होतो, पण रुग्णाला त्याचा फायदा होतोच असे सिद्ध झालेले नाही.

लोहही तपासल्याशिवाय घेऊ नये. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांच्या लाल पेशी जन्मतःच लहान असतात. त्यांना कमतरता नसताना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणे आहेत. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले, तर गोळी देऊन विषय संपवू नये. मूळव्याध, अल्सर किंवा आतड्याचा कर्करोग यांतून रक्त जात नाही ना, हे पाहावे लागते. बी-१२ची शंका असताना केवळ फॉलिक ॲसिड देणेही धोक्याचे. त्याने रक्ताचे आकडे सुधारतात, पण नसांची हानी आतून चालू राहते. ती फार पुढे गेली तर भरून येत नाही.

अंगणातले उपाय, दवाखान्यातले उपाय

आहाराचा वाटा मोठा आहे, पण त्याचीही मर्यादा ओळखावी. अळीव, मटकी, चवळी, मेथी, बाजरी यांतून लोह मिळते. वर लिंबू पिळले, शेजारी आवळा किंवा पेरू असला तर ते जास्त शोषले जाते. मांस-मासळीतले लोह अधिक सहज शोषले जाते. गूळ आणि पालक यांच्याकडून मात्र लोक फार अपेक्षा ठेवतात. कमतरता येऊ नये म्हणून आहार पुरेसा ठरू शकतो. साठा एकदा रिकामा झाला की तो नुसत्या आहाराने भरायला फार काळ लागतो, तिथे औषध लागते. लोहाची गोळी दिवसाआड घेतली तर तिचे शोषण चांगले होते आणि पोटाला त्रास कमी होतो, असे गेल्या काही वर्षांतील अभ्यासांतून दिसले आहे. कोणाला रोज आणि कोणाला दिवसाआड, हे डॉक्टरांनी ठरवावे. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी गोळी साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते. बरे वाटले की गोळी सोडणारे पुन्हा त्याच जागी येतात. बी-१२ शोषलेच जात नसेल तर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या लागतात. तिथे पनीर वाढवून भागत नाही.

व्यवस्थेकडून काय हवे? फार खर्चिक काही नाही. थायरॉइडचे निदान झाले की त्याच वेळी संपूर्ण रक्तगणना व्हावी. पाळी सुरू असलेल्या किंवा थकवा न हटणाऱ्या रुग्णाचे फेरिटिन तपासावे. शाकाहारी, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे, पायाला मुंग्या येणारे यांचे बी-१२ पाहावे. प्रत्येकाच्या सगळ्या जीवनसत्त्वांची चाचणी करण्याची गरज नाही. सवलतीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजांत नेमके नको ते पन्नास आकडे असतात आणि फेरिटिन अनेकदा नसते. चाचण्या मोजक्या असाव्यात, पण नेमक्या असाव्यात.

२०१८ पासून सुरू असलेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातून लोहाच्या गोळ्या गावोगावी पोहोचतात. लाल गोळी हातात देताना आशा कार्यकर्तीने एकच प्रश्न विचारावा, ‘ताई, थायरॉइडची गोळी चालू आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ‘मग ही दुपारी जेवल्यावर घ्या’ एवढेच सांगावे. औषध दुकानदाराने पाकिटावर ‘सकाळी’ लिहिताना शेजारी ‘इतर गोळ्यांपासून चार तास दूर’ असे लिहावे. यासाठी नवी योजना, नवा निधी, नवी समिती लागत नाही.

डॉक्टरांची अडचणही खरी आहे. पाच मिनिटांत एक रुग्ण पाहायचा असतो, आणि थकवा ही तक्रार शंभर आजारांत असते. लोह, बी-१२ सगळे ठीक असूनही थकवा उरतो, तेव्हा झोपेतील श्वसनाचा अडथळा, नैराश्य, मधुमेह यांकडेही पाहावे लागते. पण म्हणूनच टीएसएचचा एक आकडा पाहून फाइल मिटणे परवडणारे नाही. तो आकडा संप्रेरक पुरेसे आहे एवढेच सांगतो. बाकीचे शरीर पुरेसे खाते-पिते आहे का, हे सांगणे त्याचे काम नाही.

आणि या सगळ्यात एक गोष्ट वैद्यकशास्त्राच्या बाहेरची आहे. घरातली बाई थकलेली असणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की ते लक्षण वाटतच नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी, पाळीच्या त्रासाबद्दल न बोलणारी, स्वतःच्या तपासणीसाठी रजा टाकायला संकोचणारी स्त्री दवाखान्यात पोहोचते तेव्हा मुळात उशीर झालेला असतो. तिथे तिला ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकायला मिळाले की ती पुन्हा कधी विचारत नाही. पुढच्या वेळी टीएसएचचा कागद घेऊन जाताना तिने एक प्रश्न जरूर सोबत न्यावा, ‘डॉक्टर, माझं फेरिटिन आणि बी-१२ कधी तपासलंय का?’ आणि घरच्यांनी एवढेच करावे, सकाळचा पहिला चहा तासभर उशिरा मागावा.